भिंतीवरचा पाहुणा

दुपारच्या शांत वेळी खिडकीच्या चौकटीवर तांदळाच्या दाण्याएवढा, करड्या रंगाचा एक कोळी आपण अनेकदा पाहिला असेल. बोट जवळ नेले, की पळण्यापूर्वी तो वळून आपल्याकडे पाहतो. ही पाहण्याची लकब हीच त्याची पहिली ओळख. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या या कुलात जगभर ६००० हून अधिक जाती आहेत. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे असून भक्ष्याचा वेध घेण्याचे काम तेच करतात. शिकारीसाठी हे कोळी जाळे विणत नाहीत. तेव्हा कोपऱ्यातील जळमटांचा दोष त्यांच्या माथी मारू नये. माणसाला ते सहसा चावतही नाहीत.

माझ्या वडिलांचे वय ८१. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे जग खोली आणि सज्जा एवढ्यावर आले, तेव्हा नातवाने मोबाइलला चिमट्याने अडकवण्याचे एक लहानसे भिंग आणून दिले. पहिला आठवडा केवळ धूसर ठिपके मिळाले. हात थरथरतो, आणि भिंग लावल्यावर अगदी जवळ जावे लागते. पुढे युक्ती सापडली. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवायचे, सकाळच्या तिरप्या उजेडाची वेळ निवडायची, मोबाइल किंचित मागेपुढे सरकवत एकामागून एक वीस छायाचित्रे घ्यायची आणि त्यांतले एक ठेवायचे. समोरचे डोळे स्पष्ट आले, की बाकी थोडे पुसट असले तरी चालते. आमच्या घरात नियम एकच, आणि तो मी दमदाटीने लादला आहे : खांद्याच्या वर असलेला कोळी आपला नव्हे. स्टुलावर चढायचे नाही, ओल्या फरशीवर जायचे नाही.

ओळख पटवण्यासाठी चेहरा, पाठ आणि बाजू असे तीन कोन हवेत. चपट्या अंगाचा, भिंतीशी एकरूप होणारा करडा कोळी बहुधा मेनेमेरस बायविटाटस असतो. काळसर अंगावर लांबट पांढरे पट्टे दिसले, तर प्लेक्सिपस पेकुलीचा नर असण्याचा संभव अधिक. त्याची मादी मात्र तपकिरी असते. तोंडापाशी असलेल्या दोन आखूड अवयवांची टोके फुगीर असतील, तर तो प्रौढ नर समजावा. कित्येक जातींचा अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रिये पाहूनच होतो. म्हणून वहीत ‘बहुधा’ लिहिण्यात कमीपणा नाही. ठाण्यात आढळलेल्या अशाच एका कोळ्याला २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळाले. २६/११ च्या हल्ल्यात हुतात्मा झालेले तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. वडिलांनी हे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते. गेल्या श्रावणात नेम धरताना त्यांनी उजवा डोळा मिटला आणि म्हणाले, “कोळी नाहीसा झाला गं. आणि फरशीच्या रेघा वाकड्या का दिसतात?” मला वाटले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. सुदैवाने आमच्या शेजारी राहणाऱ्या परिचारिकाबाईंनी तसे मानू दिले नाही. दुसऱ्याच दिवशी नेत्रपटलाच्या तज्ज्ञांकडे गेलो. डाव्या डोळ्याच्या नेत्रपटलाच्या मध्यभागी द्रव साचला होता. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो. म्हणून ती इतके दिवस कळलीच नव्हती.

आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना चष्मा लावून, एकेक डोळा झाकून खिडकीचे गज पाहायला सांगा. सरळ रेघ अचानक वाकडी दिसली किंवा मध्येच पुसली गेली, तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात, शक्य तर त्याच दिवशी डोळे तपासून घ्या. डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी अशी हानी बहुतेकदा रोखता येते, मात्र गेलेली सगळी दृष्टी परत येईलच असे नाही. वडिलांची तशी आली नाही.

परवा त्यांच्या वहीत नवी नोंद दिसली : “नर. बहुधा प्लेक्सिपस. उजव्या डोळ्याने पाहिला.”