पाळी चुकली? मग या खुणा ओळखा

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आपल्या किती खुणा असतात! दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा दिवस. पण स्वतःच्या पाळीची तारीख मात्र पुष्कळजणी लिहीत नाहीत. मग "मागच्या एकादशीच्या आसपास आली होती बहुतेक," असा हिशेब सुरू होतो. दिवस गेलेत की नाही, हे ओळखायची पहिली पायरी म्हणजे ही तारीख. तेव्हा तिच्यावरही एक बारीकशी फुली करत चला.

नियमित येणारी पाळी आठवडाभर लांबली, की पहिली शंका गरोदरपणाची घ्यावी. दगदग, आजारपण किंवा थायरॉइडची तक्रार यांनीही ती पुढे जाते, म्हणून बाकीच्या खुणाही पाहाव्यात. छाती जड आणि दुखरी होते. सारखं लघवीला जावं लागतं. विशेष काम न करताही दुपारी डोळे मिटायला लागतात. फोडणीचा वास नकोसा होतो. मळमळ बहुधा पाळी चुकल्यावर एक-दोन आठवड्यांनी सुरू होते. ती सकाळीच होते असं नाही, आणि काहीजणींना मुळीच होत नाही. तेव्हा "मला कुठे उलट्या होताहेत?" म्हणून निर्धास्त राहू नका.

काही वेळा फसगतही होते. पाळीच्या सुमारास एक-दोन दिवस नुसता डाग दिसतो, आणि आपण तीच पाळी धरून चालतो. बाळ अंगावर पीत असेल, तर पाळी परत सुरू होण्याआधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात. चाळिशी उलटलेल्यांना वाटतं, आता पाळी जायचीच वेळ आली. गणपती, मंगळागौरीसाठी पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्या थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा झाला तरी आली नाही, तर तपासणी कराच.

ही तपासणी आता घरच्या घरी होते. औषधाच्या दुकानात पट्टी मिळते. खेड्यात आशाताईंकडेही चौकशी करा. सकाळची पहिली लघवी घ्यावी आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळातच निकाल वाचावा. दुसरी रेघ फिकट असली तरी तिचा अर्थ 'होय' असाच धरावा. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावं.

एवढी घाई कशाला, असं म्हणाल. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतात, ती पाळी चुकल्यावर दोनच आठवड्यांत मिटलेली असते. ती नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्यायची असते. खरं तर मूल हवं असं ठरवल्यापासूनच. म्हणून शंका आली, की मनाने औषधं घेऊ नका. एक्स-रे काढायची वेळ आली तर आधी सांगा. फिट्सच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या एकदम बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

आणि दुकानातून 'पाळी आणायच्या' गोळ्या तर मुळीच आणू नका, हं! मूल आत्ता नको असेल, तरी डॉक्टरांकडेच जा. १९७१ च्या कायद्यात आणि २०२१ च्या दुरुस्तीत गर्भपाताची रीतसर सोय आहे, आणि जितक्या लवकर जाल तितका धोका कमी.

पोटात एका बाजूला जोराची कळ, रक्तस्राव, घेरी किंवा खांद्यात दुखणं असं काही झालं, तर पहाटेचे तीन वाजले असले तरी इस्पितळ गाठा. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत राहिला असेल, तर जिवावर बेतू शकतं. घोटभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी होत असेल, तरी दुखणं अंगावर काढू नका.

निकाल 'होय' आला, की शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवा. १० जून असेल, तर १७ मार्च ही अंदाजे तारीख. बारा आठवड्यांच्या आत दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव घाला, रक्तदाब आणि रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन किती आहे, ते स्वतः विचारा.

तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये, अशी आपल्याकडे पद्धत आहे. शेजारीपाजारी खुशाल सांगू नका. पण घरात पाण्याची कळशी उचलणारं दुसरं कुणीतरी हवं ना? तेव्हा यजमानांना आणि डॉक्टरांना मात्र पहिल्याच आठवड्यात सांगा.