'फॉर रिसर्च यूज ओन्ली' म्हणजे औषध नव्हे!

स्पष्टच लिहितो. कुणाला राग आला तर येऊ द्या.

गेल्या महिन्यात माझ्या मित्राच्या मुलाचं साडेतीन महिन्यांचं पिल्लू पार्व्होनं गेलं. उलट्या, रक्ताची हगवण, तीन दिवसांत सगळं संपलं. पोरगं अजून नीट जेवत नाही. भेटायला गेलो तर मित्रानं फ्रीजमधून एक कुपी काढून हातावर ठेवली. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवरून 'परदेशी इम्युनिटी इंजेक्शन' म्हणून दोन मागवल्या होत्या, साडेसहा हजारांना. एक ग्रुपवरच्या 'एक्स्पर्ट'च्या सांगण्यावरून व्हिडिओ कॉलवर घरीच टोचली. ही उरलेली.

मोबाईलचा कॅमेरा झूम करून लेबल वाचलं. रिकॉम्बिनंट कनाइन इंटरफेरॉन गॅमा, १० मायक्रोग्रॅम. खाली बारीक अक्षरांत 'फॉर रिसर्च यूज ओन्ली'. म्हणजे फक्त संशोधनासाठी. माणसाला नाही, जनावरालाही नाही.

मी शास्त्रज्ञ नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण विचारायला आणि वाचायला शिकलोय. कोविडात 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द घराघरात पोचला होता, आठवतंय? रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप धाडतात ती प्रथिनं म्हणजे सायटोकाइन. इंटरफेरॉन गॅमा त्यातलंच एक. कुत्र्याचं जनुक जिवाणूत किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशीत घालून ते बनवतात.

कुत्र्याचंच का? माणसाचं प्रथिन कुत्र्याला नेहमीच चालत नाही म्हणून. पांढऱ्या पेशी वाढवणारं माणसाचं जी-सीएसएफ कुत्र्यांना बरेच दिवस दिलं, तेव्हा त्यांच्या शरीरानं त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली आणि पांढऱ्या पेशी उलट घटल्या. म्हणून कुत्र्याच्या आजारावर काम करायला कुत्र्याचं प्रथिन लागतं. रक्तात ते किती आहे हे मोजताना ते मापासारखं वापरतात. कुत्र्याच्या खाजेमागे इंटरल्युकिन-३१ असतं हे कळलं, म्हणून त्यावरचं लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन आलं, २०१६ साली त्याला अमेरिकेत पूर्ण परवाना मिळाला. तेव्हा कुपीला दोष नाही. प्रयोगशाळेत ती सोन्यासारखी आहे.

दोष आहे ती शिरेत घालायला विकणाऱ्याचा.

आता ग्रुपवाले म्हणतील, 'परदेशात पार्व्होला इंटरफेरॉन देतातच की!' देतात. पण ते इंटरफेरॉन ओमेगा. मांजराचं जनुक वापरून रेशीमकिड्यात तयार केलेलं, कुत्र्यांवर तपासलेलं, डोस ठरवलेलं, २००१ साली युरोपात रीतसर परवाना मिळालेलं. नाव सारखं म्हणून औषध सारखं? उद्या एरंडेल आणि गोडेतेल दोन्ही तेलंच म्हणून कांदा एरंडेलात तळाल का?

प्रयोगाच्या कुपीचा डोस कुठल्याच कुत्र्यासाठी ठरलेला नसतो. जिवाणूत बनवलेल्या मालात एंडोटॉक्सिन राहू शकतं, त्यानं ताप येतो, जास्त गेलं तर शॉकही बसतो. काही कंपन्या ते मोजतात, पण डिशमधल्या पेशींसाठी. आजारी पिल्लासाठी नव्हे.

पिल्लू कुपीमुळेच गेलं असं मी म्हणणार नाही. पार्व्होनं गेलं असेल. पण कुरिअरची वाट बघण्यात दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात सलाईन, उलटी थांबवणारं औषध आणि गरजेनुसार अँटिबायोटिक मिळालं असतं. पार्व्होत पिल्लं वाचतात ती याच साध्या उपचारांनी. तो वेळ विकणाऱ्यानं खाल्ला.

आणि कायदा? १९४० चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा जनावरांच्या औषधांनाही लागू आहे. उपचारासाठी म्हणून विकायचं तर परवाना लागतो. लेबलवर 'संशोधनासाठी' आणि ग्रुपवर 'इलाजासाठी', ही दुतोंडी धंदेवाईक चलाखी आहे. अन्न व औषध प्रशासनानं अशा ग्रुपकडे बघावं. आणि पशुवैद्य मंडळींनो, तुम्हीही उघड बोला. तुम्ही गप्प बसता म्हणून 'एक्स्पर्ट' बोलतात.

पिल्लू पाळणाऱ्यांनो, पार्व्होची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करा आणि चार महिन्यांपर्यंतचे सगळे डोस पुरे करा. मित्राच्या पिल्लाचा एकच डोस झाला होता. पुढचा 'पगार झाल्यावर' द्यायचा होता.

साडेसहा हजारांत असे किती डोस झाले असते, हिशेब तुम्हीच करा.