आकडे नाहीत, म्हणून नियमही नाही?

कॅनडातील लाक-मेगांतिक या गावात ६ जुलै २०१३ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, कच्च्या तेलाच्या ७२ वाघिणींची मालगाडी चालकाविना उतारावरून घरंगळत शिरली. ४७ माणसे मृत्युमुखी पडली. गाडी एकट्या चालकाच्या भरवशावर होती. पुरेसे हातब्रेक न लावता ती उभी करून तो विश्रांतीला गेला होता. दुसरा कर्मचारी असता तर अनर्थ टळलाच असता, असा निर्वाळा चौकशी मंडळानेही दिलेला नाही. परंतु प्रश्न निर्माण झाला आणि तो सीमेपलीकडे अमेरिकेत पोहोचला.

तेथील फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन या नियामक संस्थेने २०१६ साली गाडीवर सर्वसाधारणपणे किमान दोन कर्मचारी असावेत, असा नियम प्रस्तावित केला. दीड हजारांहून अधिक अभिप्राय आले. बहुसंख्य अनुकूल होते. तरीही मे २०१९ मध्ये प्रस्ताव मागे घेण्यात आला. कारण काय, तर एकट्या चालकाची गाडी अधिक धोकादायक असल्याचे दाखविणारी आकडेवारी नाही! ही आकडेवारी गोळा कोणी करायची? गाडीवर किती माणसे होती याची पुरेशी माहिती आपल्याकडे जमा होत नाही, हे याच संस्थेने २०१६ साली कबूल केले होते. कोंबडे झाकून ठेवायचे आणि तांबडे फुटलेच नाही म्हणायचे, असा हा प्रकार. वर राज्यांनाही या विषयावर कायदे करता येणार नाहीत, असेही जाहीर करण्यात आले.

कामगार संघटना आणि वॉशिंग्टन, कॅलिफोर्नियासारखी राज्ये न्यायालयात गेली. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी नाइन्थ सर्किट अपील न्यायालयाने तो आदेश मनमानी ठरवून रद्द केला. राज्यांचे हात बांधले जाणार, याची पूर्वसूचनाच जनतेला दिलेली नव्हती. सुरक्षिततेविषयी दिलेली कारणेही अभिप्रायांच्या कसोटीवर टिकत नव्हती. गाडीवर माणसे किती असावीत, हे न्यायालयाने ठरविले नाही. ते त्याचे कामही नव्हे. नियामकाने मत खुशाल बदलावे. मात्र ज्यांचे म्हणणे मागविले, त्यांना उत्तर द्यावे, एवढेच त्याचे सांगणे.

स्वयंचलित नियंत्रण यंत्रणेमुळे दुसऱ्या माणसाची गरज उरत नाही, हा रेल्वे कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. पण तो सिद्ध करण्याचा भार कोणावर? एप्रिल २०२४ मध्ये संस्थेने दोन कर्मचाऱ्यांचा नियम अपवादांसह अंतिम केला, तेव्हा नव्याने एकट्या चालकाची गाडी चालवू इच्छिणाऱ्या कंपनीने धोक्याचे मूल्यमापन सादर करावे, अशी तरतूद त्यात होती.