पाच काळ्या पट्ट्या

‘डॉक्टर, दोन स्वर कानी पडताच राग सांगणारा माणूस आता भूपसुद्धा ओळखत नाही हो!’ एवढे बोलून त्या बाई थांबल्या. त्यांच्या यजमानांना विस्मरणाचा आजार जडून दोन वर्षे झाली होती. रोज सायंकाळी त्या त्यांच्या आवडीचे गाणे लावत आणि विचारत, ‘सांगा पाहू, कोणता राग?’ ते आधी गोंधळत, मग चिडत. घरातल्या आनंदाची रोजची परीक्षा होऊन बसली होती.

मी प्रथम यजमानांचे कान तपासले. दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. तो काढल्यावर ऐकू येण्यात फरक पडला. रागांची नावे मात्र परतली नाहीत आणि ती परततील अशी आशा मी बाईंना दाखवली नाही. रागाचे नाव आठवणे आणि राग ओळखीचा वाटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या आजारात नावे लवकर निसटतात. सुरांची ओळख मात्र अनेकांच्या ठायी पुष्कळ काळ टिकते. मी म्हणालो, ‘त्यांना विचारू नका; आता तुम्ही शिका.’

शिकण्याची रीत सोपी आहे. पेटीच्या प्रत्येक सप्तकात पाच काळ्या पट्ट्या असतात. काळी तीन हा षड्ज धरून ओळीने फक्त काळ्या पट्ट्या वाजवाव्यात : सा, रे, ग, प, ध. हे भूपाचे स्वर. आता पट्ट्या त्याच, पण षड्ज काळी पाच. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी असा मालकंस कानी येतो. काळी एकपासून दुर्गा, काळी दोनपासून धानी आणि काळी चारपासून मधमाद सारंग. पट्टी एकही बदलली नाही. बदलला तो केवळ षड्ज. या रीतीला मूर्च्छना म्हणतात.

मात्र षड्ज सतत कानी हवा. नाहीतर मालकंस वाजवतानाही कान भूपाकडे ओढ घेतो. म्हणून मोबाइलवरचा तानपुरा दर वेळी त्या त्या पट्टीत लावावा. मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने तेथे मध्यमाचा तानपुरा घ्यावा. आधी ऐकावे, मग गुणगुणावे, मग वाजवावे. आठवड्याला दोनच राग पुरेत. अर्थात स्वर म्हणजे राग नव्हे. देशकारातही भूपाचेच पाच स्वर आहेत; पण भूप गंधारावर रमतो, तर देशकार धैवतावर. हा भेद कळण्यास पुष्कळ ऐकावे लागते आणि त्याला वयाची अट नाही.

काळजीवाहकांनी काही पथ्ये पाळावीत. वेळ शक्यतो ठरलेली असावी, बैठक पंधरा मिनिटांची आणि आवाज बेताचा. रुग्ण अस्वस्थ झाल्यास तेथेच थांबावे. ऐकणे मंदावल्यासारखे वाटल्यास कानात काडी न घालता तपासणी करून घ्यावी. श्रवणयंत्र मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेले असते. त्यातून गाणे बेसूर वाटत असेल, तर तज्ज्ञांना तसे सांगून ते जुळवून घ्यावे. संगीताने हा आजार बरा होतो, असे मात्र कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

महिन्याभराने बाई पुन्हा आल्या. आदल्या सायंकाळी काळी पाचवरून चढताना त्यांचे बोट चुकून पांढऱ्या पट्टीवर पडले होते. झोपाळ्यावर बसलेल्या यजमानांनी ‘अं हं’ केले आणि तो स्वर स्वतः गाऊन दाखवला. पुढे अवरोहही त्यांनीच पूर्ण केला.

‘राग कोणता, ते म्हणाले का?’ मी विचारले.

‘नाही,’ बाई म्हणाल्या, ‘आणि मीही विचारले नाही.’