बघेल त्याची खिडकी

१ एप्रिल १९५७ हा कूळ कायद्यातला कृषक दिन. 'कसेल त्याची जमीन' या न्यायाने त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. त्याच धर्तीवर विमानप्रवासासाठी 'बघेल त्याची खिडकी' असा कायदा व्हावा, अशी माझी जाहीर मागणी आहे. तारीख एक एप्रिलची असली तरी मागणी गंमतीची नाही.

सगळ्यांना खिडकी मिळणं शक्य नाही, एवढं मला कळतं. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. नेहमीच्या विमानात एका रांगेत माणसं सहा आणि खिडक्या दोन. वस्तू कमी, गिऱ्हाइकं जास्त, म्हणून कंपन्या खिडकीचे वेगळे पैसे घेतात. घेऊ देत! माझं भांडण आहे ते खिडकी मिळवून बसल्या बसल्या तिची झडप खाली ओढणाऱ्या गृहस्थांशी. आमच्या बँकेचं शटरसुद्धा संध्याकाळपर्यंत वर असतं हो. यांचं सकाळी सातलाच खाली!

दार्जिलिंगला जायचं तर दिल्लीहून बागडोगऱ्याचं विमान घेता येतं. ते पूर्वेकडे जातं, म्हणजे हिमालय डाव्या हाताला. तेव्हा जाताना 'ए' आणि येताना 'एफ', हे मी दार्जिलिंगला निघालेल्या प्रत्येक खातेदाराला पासबुक भरता भरता फुकट सांगतो. पंखावरची रांग टाळा, हेही सांगतो. नाहीतर कांचनगंगेऐवजी नुसता पत्रा बघावा लागतो. हवा स्वच्छ असेल तर ८,८४९ मीटरचं एव्हरेस्ट आणि ८,५८६ मीटरची कांचनगंगा बसल्या जागी दर्शन देतात. ना घाम, ना दम, ना शेर्पा.

बँकेच्या प्रवास-सवलतीवर आम्ही गेलो, तेव्हा माझ्या वाट्याला मधली 'बी' आली. 'ए'वरचे गृहस्थ मराठीच निघाले. झडप खाली होती. म्हटलं, "जरा वर करता का? हिमालय दिसेल."

"अहो, बघायचंय काय त्यात? ढग असतात नुसते!" असं म्हणून ते मोबाइलवर गाणं बघू लागले. गाण्यात नायक-नायिका बर्फात लोळत होती. खऱ्या हिमालयावर झडप टाकून हा माणूस चार बोटं बर्फ बघत होता! स्वतः खाईना आणि दुसऱ्याला खाऊ देईना.

या मंडळींची उत्तरं ठरलेली असतात. म्हणे, "पैसे मोजलेत!" लॉकरचं भाडं भरून लॉकर रिकामा ठेवणारे लोक मी पाहिलेत, पण त्यांच्या रिकाम्या लॉकरमुळे शेजाऱ्याचे दागिने जात नाहीत. इथे शेजाऱ्याचा हिमालय जातो. म्हणे, "झोप येते." डोळ्यांना देवाने स्वतंत्र झडपा दिल्या आहेत, त्या मिटाव्यात. म्हणे, "ऊन लागतं." सकाळी मुंबईहून दिल्लीला जाताना सूर्य उजवीकडे असतो, डावीकडे बसा. शाळेत दिशा शिकवल्या त्या कशाला?

विमान उडताना आणि उतरताना मात्र कर्मचारी येऊन झडप उघडायला लावतात. संकट आलंच तर बाहेरचं दिसावं म्हणून. म्हणजे भीतीपोटी बाहेर बघायचा नियम आहे. आनंदापोटी बघायचा नाही! तो व्हायला हवा. तिकीट काढतानाच विचारावं : खिडकी कशाला हवी? बघायला की डोकं टेकायला? टेकणाऱ्यांना पाठीला उशी द्यावी आणि मधे बसवावं.

माझ्या वडिलांनी विमान जन्मभर खालूनच पाहिलं. आवाज आला की जेवता जेवता उष्ट्या हातानं अंगणात यायचे, दुसरा हात कपाळावर धरायचे आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत उभे राहायचे. आत बसलेल्यांना आपलं गाव कसं दिसत असेल, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. तसे अंगणात येणारे अजूनही पुष्कळ आहेत. त्यांनी मान वर करायची आणि वरच्याने झडप लावून घोरायचं, हा कुठला न्याय?