मुन्नारला जाल तेव्हा

दिवाळी आटोपली की रेल्वेत पासचे आणि टपालात एलटीसीचे अर्ज पडू लागतात. दक्षिणेचा बेत असला की यादीत मुन्नार असतेच. अवश्य जावे. रेल्वेवाल्यांनी मात्र ध्यानात ठेवावे, आपला पास अलुवा किंवा एर्नाकुलमपर्यंतच. पुढचा घाट बसने. एकेकाळी तिथे रेल्वे होती! 1908 साली कुंडला खोऱ्यात दोन फुटी रूळ पडले. चहा टॉप स्टेशनपर्यंत गाडीने जाई आणि तिथून रोपवेने तमिळ मुलखात उतरे. 1924 च्या महापुराने ती लाइन नेली. स्टेशनचे नाव राहिले, तिथे आता लोक फोटो काढतात.

फोटोत मळा येतो, पाने खुडणारी बाई लांबून येते. ती बहुधा तमिळ, पिढ्यान्‌पिढ्या मळ्यावरची. तिचे घर म्हणजे ‘लयम’, आपल्या चाळीसारखी खोल्यांची रांग. 1951 च्या मळे कामगार कायद्याने घराची जबाबदारी मालकावर टाकली खरी, पण घर नोकरीला बांधलेले. क्वार्टर आपल्यालाही सोडावे लागते. तिला परतायला बहुधा गावच उरलेले नसते.

सप्टेंबर 2015 मध्ये याच हजारो बायका रस्त्यावर बसल्या. बोनस 10 टक्क्यांवर उतरवला होता. मागणी 20 टक्क्यांची, आणि 232 रुपये रोजाऐवजी 500 ची. युनियनच्या पुढाऱ्यांनाही, झेंडा कोणताही असो, त्यांनी दूर ठेवले. ‘पेंबिळै ओरुमै’, म्हणजे बायकांची एकजूट, हे त्यांचे नाव. बोनस व सानुग्रह मिळून 20 टक्के पदरात पडले. रोज मात्र 301 वर थांबला. त्या कोणाच्या तरी चिथावणीने बसल्या, असे तेव्हा बोलले गेले. आम्हांला ते मान्य नाही. सभासद बायका आणि वाटाघाटीच्या टेबलावर सगळे पुरुष, तिथे दुसरे काय होणार? आपल्या शाखांच्या कार्यकारिणीची यादीही एकदा याच नजरेने वाचावी.

6 ऑगस्ट 2020 च्या रात्री पेट्टिमुडीला लयमांवर दरड कोसळली. 70 जीव गेले. वीज-फोन बंद, बातमी बाहेर पोचली ती दुसऱ्या सकाळी.

तेव्हा चहाची पुडी घ्यालच, पण एखाद्या मळ्याच्या कडेला थांबून सध्या रोज किती आणि त्यासाठी किती किलो पान खुडावे लागते, हेही विचारा. तमिळ येत नसले तरी आकडे बोटांवर सांगता येतात.