नाव कोणाचे, डोंगर कोणाचा?

पावसाळा सरून हवा कोरडी झाली, की आपल्या धर्मग्रामांतून, शाळांतून आणि महिला मंडळांतून सहलींचे बेत शिजू लागतात. अलीकडे या सहलींना ‘निसर्ग व संस्कृती दर्शन’ असे भारदस्त नाव देण्याची टूम निघाली आहे. नाशिकहून दिंडोरीमार्गे वणी, वणीहून नांदुरी, नांदुरीहून सप्तशृंगगड. परतताना एखाद्या आदिवासी पाड्यावर तासभर मुक्काम आणि पावरी वाजविणाऱ्याशेजारी उभे राहून छायाचित्र. माहिती सांगणारे गृहस्थ सातमाळेच्या एकेका डोंगराकडे बोट दाखवितात आणि स्थानिकांच्या तोंडच्या प्रत्येक नावावर एक ठरावीक शेरा मारतात : ‘हा मूळ अमुक शब्दाचा अपभ्रंश.’ मंडळी माना डोलावतात आणि गाडी पुढे निघते. आमचे भांडण आहे ते या शेऱ्याशी.

हे भांडण संस्कृत भाषेशी नाही आणि देवीच्या लक्षावधी भक्तांशी तर मुळीच नाही. साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ म्हणून सप्तशृंगीला जो मान आहे, तो भक्तीने कमावलेला आहे. भांडण आहे ते ‘अपभ्रंश’ या शब्दाच्या सैल वापराशी. भाषाशास्त्रज्ञाच्या हाती हा शब्द निरुपद्रवी असतो. सहलीच्या गाडीत मात्र त्याचा अर्थ एवढाच उरतो, की या माणसाला स्वतःच्या डोंगराचे नावसुद्धा धड घेता येत नाही. भ्रंश म्हणजे पतन. ज्याचे नाव पतित ठरले, त्याची कथा, त्याची पूजा आणि त्याचा हक्क पतित ठरायला कितीसा वेळ लागतो?

आधी नावांकडेच नीट पाहू. सर्व महाराष्ट्र ‘वणीची देवी’ म्हणतो. पण वणी हे दिंडोरी तालुक्यातले बाजाराचे गाव आणि देवीचा गड कळवण तालुक्यात, नांदुरीच्या वर. म्हणजे ‘वणीची देवी’ हे नाव वाटसरूने दिलेले आहे; जिथे त्याचा पाय थांबला, त्या ठिकाणाचे नाव त्याने देवीला लावले. त्याला कोणी अपभ्रंश म्हणत नाही. ‘सप्तशृंग’ म्हणजे सात शिखरे. परंतु ‘शृंग’ म्हणजे शिंगही. एकाच शब्दात पंडिताला शिखर दिसते आणि गुराख्याला जनावर दिसते. या शिखरावर चैत्रोत्सवात आणि नवरात्रात ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी-पाटील घराण्याकडे परंपरेने आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे गुराख्याचा अर्थ पंडिताच्या अर्थाहून उणा मानण्याचे कारण उरत नाही. समोरच्या मार्कंडेय डोंगरावरून ऋषी पुराण सांगतात आणि देवी मान कलती करून ते ऐकते, अशी कथा आहे. सुंदर कथा आहे. तिच्यातली देवी ऐकते, ही गोष्ट मात्र तिचे दर्शन घेऊन परतणारे विसरतात.

आता कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरी या भागांतल्या कोकणा आणि भिल्ल बांधवांकडे वळू. मार्गशीर्षात ते डोंगऱ्या देवाचा उत्सव करतात. व्रत घेतलेल्या माणसांना ‘माउली’ म्हणतात. ती माणसे भगताच्या मार्गदर्शनाखाली नेमधर्म पाळतात, पावरीच्या सुरावर नाचतात आणि पौर्णिमेच्या रात्री डोंगरातल्या गुहेशी जागरण करतात. त्या डोंगराला ते ‘गड’ म्हणतात, मग तिथे तट-बुरूज असोत वा नसोत. इतिहासाचे पुस्तक गड शोधते तो राजाचा. यांचा गड देवाचा. ‘डोंगऱ्या देव’ या नावात डोंगर हे देवाचे बसण्याचे आसन नाही. डोंगर हीच त्याची ओळख आहे. त्यांची धान्यदेवता कणसरी. तिच्या नावात कणीस आहे, आणि थाळीच्या नादावर तिची कथा गायिली जाते. या नावांचे अर्थ कोशात शोधायला नकोत. ते शेतात आणि रानात उभे आहेत. फक्त विचारावे लागतात.

‘फादर, नावात एवढे काय आहे?’ असा प्रश्न येईल. मराठी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. आपल्याकडे जमीन मिळणे म्हणजे सातबाऱ्यावर ‘नाव लागणे’ आणि जमीन जाणे म्हणजे ‘नाव कमी होणे’. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००८ साली जे नियम झाले, त्यांत दाव्याचा पुरावा म्हणून काय चालते ते पाहा : गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, आणि सामूहिक दाव्यासाठी पवित्र वृक्ष, देवराया, तळी, दफनाच्या व दहनाच्या जागा. म्हणजे म्हातारा ज्या नावाने देवराई ओळखतो, ते नाव पुराव्याचा भाग आहे. त्याचे नाव एक, नकाशावरचे दुसरे आणि सहलीच्या पत्रकातले तिसरे, अशी अवस्था झाली, तर त्याच्या जबाबाला विचारतो कोण?

२०१८ साल आठवा. त्याच वर्षी गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि पायऱ्यांची दमछाक काही मिनिटांवर आली. वृद्धांची व अपंगांची सोय झाली, ही आनंदाची गोष्ट. पण त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, ६ ते १२ तारखांच्या दरम्यान, याच डोंगराळ तालुक्यांतले आदिवासी शेतकरी हजारोंच्या संख्येने नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेले. मागणी मुख्यतः वनजमिनीवर नाव लागण्याची. पाहुण्याची चढण संपली आणि यजमानाची पायपीट सुरूच राहिली. ओडिशातल्या नियमगिरीत याच्या उलट घडले. तिथल्या डोंगरिया कोंधांनी पर्वताला नियमराजाचे स्थान मानले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्यांच्या उपासनेच्या हक्काचा निर्णय ग्रामसभांकडे सोपविला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. देवाचे नाव घेणाऱ्यांना कायद्याने विचारले, म्हणून डोंगर वाचला.

आणखी दोन आक्षेप येतील. पहिला असा, की ख्रिस्ती धर्मगुरूने परक्यांच्या देवांची काळजी का वाहावी? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात सांगून टाकले आहे, की इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही. आदर म्हणजे उपासना नव्हे. परंतु अनादर ही कोणतीच उपासना नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे : नावे बदलतच असतात, वांद्र्याची आपली मोतमाउलीच पाहा! अवश्य पाहावी. पोर्तुगीज ‘मोंत’ म्हणजे डोंगर. लोकांच्या तोंडी त्याचे ‘मोत’ झाले आणि त्यात मोती चमकू लागला. डोंगरावरची मरियामाता सर्व जातिधर्मांची माउली झाली. या नावाला कोणी अपभ्रंश म्हणाले, तर आपल्याला राग येतो, आणि तो यावाच. कारण ते नाव भक्तांनी स्वतःच्या जिभेवर घडविले. आमचा मुद्दा नेमका हाच आहे. लोकांनी घडविलेले नाव वेगळे आणि लोकांवर लादलेला शेरा वेगळा. जो न्याय आपण मोतमाउलीला मागतो, तो गडावरच्या माउल्यांना नाकारायचा कोणत्या तोंडाने?

ख्रिस्तसभेने नावे बदलण्याचे काम स्वतःही केलेले आहे. कॅनडातील एका सरोवराला नाकोटा लोक ‘देवाचे सरोवर’ आणि क्री लोक ‘आत्म्याचे सरोवर’ म्हणत. १८४४ साली एका मिशनरी धर्मगुरूने त्याचे नाव संत अ‍ॅनावरून ठेवले. २६ जुलै २०२२ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस त्या काठावर यात्रेकरू म्हणून आले, ते आदिवासी मुलांच्या निवासी शाळांतील अत्याचारांबद्दल क्षमा मागण्यासाठी काढलेल्या दौऱ्यात. जिथे लोकांची भाषा मोडली गेली, तिथे अखेर क्षमा मागावी लागली. हा धडा वणीच्या वाटेवर निघालेल्याने गाठीशी बांधावा.

पवित्र शास्त्राची रीत तरी काय आहे? याकोबाने दगड उशाशी घेतला, स्वप्न पाहिले आणि त्या जागेला बेथेल म्हटले. पण उत्पत्तीचा लेखक तिथेच थांबत नाही. त्या नगराचे आधीचे नाव लूज होते, हेही तो नोंदवून ठेवतो. देवाचे घर नवे झाले, म्हणून आधीच्या रहिवाशांचे नाव पुसले गेले नाही. नवे नाव देणाऱ्या प्रत्येकाने एवढा प्रामाणिकपणा तरी दाखवावा.

तेव्हा सुज्ञ वाचकहो, सहली बंद करा असे आम्ही म्हणत नाही, जरूर जा. परंतु डोंगर पाहण्याआधी त्या पाड्यातल्या वडीलधाऱ्यांना नाव विचारा, अर्थ विचारा आणि ते जसे उच्चारतात तसे लिहून घ्या. डोंगऱ्या देवाच्या रात्री बोलावल्याशिवाय गुहेशी जाऊ नका आणि कोणाच्या व्रताची छायाचित्रे काढू नका. शिक्षकांनी शाळेच्या दाखल्यावर आणि धर्मगुरूंनी स्नानसंस्काराच्या नोंदवहीत पाड्याचे नाव लोक म्हणतात तसेच लिहावे. ‘शुद्ध’ करण्याचा मोह आवरावा. पुढे कधी एखाद्या नातवाला आजोबांचा पाडा कागदोपत्री सिद्ध करावा लागला, तर ती एक ओळ त्याच्या कामी येईल. सहलीच्या पत्रकांत दोन नावे छापायची असतील, तर लोकांचे आधी छापा आणि त्यापुढे ‘अपभ्रंश’ हा शब्द लिहू नका.